सदतीस कार्डं

१

पत्र्याची पेटी कार्डांनी गच्च भरलेली असली की कार्डं ताठ उभी राहतात. एखादं काढायचं तर दोघांच्या मध्ये नख घालावं लागतं. सोमवारी सकाळी अंबिकाने झाकण उचललं, तेव्हा पुढचं कार्ड मागे रेललेलं होतं आणि त्याच्यामागची सगळी त्याच कोनात, जेवून भिंतीला टेकलेल्या माणसांसारखी.

तिने एकही कार्ड बाहेर काढलं नाही. खणातून पट्टी घेतली, कार्डं मागे लोटून धरली आणि पुढची मोकळी जागा मोजली. दीड सेंटिमीटर. मग शंभर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मोजला. चार सेंटिमीटर. भागाकाराला कागद लागला नाही. सदतीस, फार तर अडतीस.

जन्मवहीशी नंबर ताडून पाहता पाहता दुपार झाली. चारशे बारा जन्मांपैकी तीनशे पंच्याहत्तर कार्डं पेटीत होती. सदतीस गेली होती.

अंबिका पराते मूळची नागपूरची, कोष्ट्याच्या घरातली. बी. एस्सी. झाली, आरोग्याच्या आकडेवारीचं शिक्षण घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वी चांदा जिल्ह्यात सावलीपासून सहा मैलांवरच्या या धर्मादाय दवाखान्यात आली. काम एकच: भोवतालच्या तेरा गावांत जन्मणारं प्रत्येक मूल नोंदायचं, आणि महिनाभरात दगावलंच तर कशाने, ते शोधायचं. या तलावांच्या मुलखात कित्येक बाळं आठव्या दिवशी दूध सोडत, मुठी आवळत, अंग धनुष्यासारखं ताठ करत. धनुर्वात. त्याने गेलेल्या बाळाच्या कार्डाचा कोपरा लाल पेन्सिलीने रंगवायचा, असा तिचा नियम होता.

टेबलावर शाईच्या दौतीखाली एक अर्ज तीन आठवडे पडून होता. पाथरटोल्याच्या रुखमाबाई सुइणीच्या हातची नऊ लेकरं गेल्या हिवाळ्यात आखडून मेली, तिला बाळंतपणं करायला मनाई व्हावी, असं त्यात लिहिलं होतं. खाली चाळीस अंगठे. दवाखान्याच्या वतीने सही तेवढी अंबिकाची राहिली होती. कोणी विचारलं की ती म्हणे, "आकडे पुरे होऊ द्या." पुढच्या आठवड्यात ती सुईणवार तक्ता मांडणार होती. आणि आता कार्डंच नव्हती.

"अजून का पुरावा पाह्यजे?" दारात उभे राहून वारलू पाटील म्हणाले. बातमी त्यांच्यापर्यंत तासाभरात पोचली होती. "तिनंच नेले कार्ड. नाई तं तिच्या लेकानं. करा सही, बाई, आन् मोकळ्या व्हा."

अंबिका उरलेल्या कार्डांचे कोपरे मोजत होती. लाल कोपऱ्याची एकोणीस कार्डं पेटीत जशीच्या तशी होती, आणि त्यातली सहा रुखमाबाईच्याच हातची होती.

रुखमाबाईला वाचवायला आलेल्या चोराने ही सहा मागे का ठेवली?

२

"पेटीची किल्ली कुठे असते?"

"खिळ्यावर," लटारू म्हणाला. तो दवाखान्याचा शिपाई, तोच छकडा हाकणारा, आणि पन्नाशीतही दर वाक्यागणिक हसणारा.

"आणि खिळा कुठे आहे, हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"आता पाहा जी. तुमाले, मले, भैयाजीले. डॉक्टरसायबाले नाई, ते गुरुवारी येतेत आन् गुरुवारीच जातेत. बाकी पाथरटोला, मोहटोला, सावलीचा बजार..."

"म्हणजे सगळ्यांना."

"बैलाईले नाई सांगतलं, बाई."

तिला हसू आलं, पण तिने ते वहीकडे वळवलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. उरलेली कार्डं क्रमाने होती, गावांच्या नावांच्या जाड पट्ट्या सरळ होत्या. घाईत हात मारून नेलेली ही चोरी नव्हती. कोणीतरी बसून, एकेक नंबर पाहून, वेचून नेलं होतं.

गेलेले सगळे नंबर २८७ ते ३४९ यांच्यामधले होते. कार्तिक अखेरीपासून पौष अखेरीपर्यंत. त्या दोन महिन्यांत अंबिका इथे नव्हती. आई आजारी म्हणून नागपूरला होती. कार्डं कंपाउंडर भैयाजींनी भरली होती. पण त्या काळातल्या त्रेसष्टपैकी सदतीसच गेली होती. त्याच दिवसांतली, त्याच गावांतली सव्वीस जागेवर होती.

भैयाजी औषधांच्या खोलीत खलबत्ता पुसत होते. कपाळाला गंध, धोतर चुन्यासारखं पांढरं. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक बाटली फुटली नव्हती, आणि ती फुटली नाही हे ते सांगतही नसत. लोक सांगत.

"तुमचं डोकं चढलं दिसते," ते म्हणाले. "उन्हात नोका फिरू."

विचारायच्या आधीच त्यांनी काचेच्या बरणीतून चमचाभर भुकटी काढली, शेजारच्या गठ्ठ्यातून चतकोर कागद ओढला आणि पुडी बांधली. पुडीची दोन्ही टोकं त्यांनी एकमेकांत अडकवली. अशी पुडी खिशात उलटीपालटी झाली तरी सुटत नाही. कागद तारखेच्या कॅलेंडरचा होता, ९ मार्च. भैयाजी रोजचं पान फाडत आणि टाकून न देता तारखेच्या क्रमाने रचून ठेवत.

"भैयाजी, हिवाळ्यातली कार्डं भरताना काही वेगळं जाणवलं होतं?"

"लेकरं मेली, बाई. त्याच्याहून वेगळं का जाणवन?" ते खलबत्ता पुन्हा पुसू लागले. तो आधीच कोरडा होता. "पण काम म्या थांबू देलं नाई. नाळेच्या पुड्या एक दिवस बी तुटू देल्या नाई. तुमीच तं सांगतलं होतं."

नाळ कापल्यावर देठाला लावायची पांढरी भुकटी नागपूरहून छापील पाकिटांत येई. सुइणींनी शेण-राख लावू नये म्हणून ती वाटायची, ही अंबिकाचीच योजना. प्रत्येक सुइणीने तसा अंगठा दिला होता.

"कार्डं कोणी नेली असतील?"

भैयाजींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "पाटील म्हणतेत ते खरं असन," ते म्हणाले. पण म्हणताना त्यांनी पुडी तिच्या हातात न देता टेबलावर ठेवली.

३

तलावाचं पाणी चैत्रात मागे हटलं होतं. काठच्या चिखलात जाळी वाळत होती आणि रुखमाबाई सुपात झिंगे पाखडत बसली होती. अंबिका शेजारी बसली. रुखमाबाईने सूप थांबवलं नाही.

"धराले आल्या का?"

"विचारायला आले."

"गावानं विचारणं सोडलं. पानोठ्यावर मी गेली का बाया घागरी उचलतेत." तिने एक खडा वेचून फेकला. "दोनशेच्या वर लेकरं या हातानं जगात आली. त्यातली अर्धी आता मले पाहून तोंड फिरवतेत. त्याहीची तोंडं बी म्याच पुसली होती."

"कार्डं तुम्ही नेली?"

"नेली असती तं का केली असती? चुलीत घातली असती, झिंगे भाजले असते. मले वाचता येते का?"

"हिवाळ्यात काय झालं, रुखमाबाई? त्याआधी दीड वर्षांत तुमच्या हातची चार बाळं गेली. मग दोन महिन्यांत नऊ. आणि माघापासून आजपर्यंत फक्त दोन. हात तेच, विळा तोच. मध्येच काय बदललं?"

सूप थांबलं. रुखमाबाईने तलावाकडे पाहिलं, दूर मधोमध, जिथे उन्हाळ्यातही पाणी आटत नाही.

"तुमी अंगठा घेतला होता माह्या हातचा," ती म्हणाली.

"कशावर?"

"ज्याच्यावर घेतला त्याच्यावर." ती उठली, सूप कमरेला लावलं. "मी अंगठा मोडला, बाई. मोडला तं मोडला. पण त्याच्यापुढचं माह्या तोंडून निघणार नाई. मी बोलन आन् तुमीच म्हणान, सुईण आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकते."

अंबिका तिथेच बसून राहिली. सहीच्या अर्जाला आणखी एक दिवस मिळाला होता. पण आज त्याचं कारण आकडे अपुरे होते हे नव्हतं. एका बाईने गुन्हा कबूल केला होता, आणि तो गुन्हा नेमका कोणता हे तिला कळलं नव्हतं.

४

सदतीस घरं फिरायला चार दिवस लागले. लटारू छकडा हाकत होता. वाटेत बाया मोहफुलं वेचत होत्या, आणि छकडा दिसला की पाठ वळवत होत्या.

अंबिका प्रत्येक घरी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारी. सुईण कोण होती? नाळ कशाने कापली? देठाला काय लावलं? बाळ आहे? जिथे बाळ नव्हतं तिथे ती शेवटचा प्रश्न विचारून पेन्सिल खाली ठेवी आणि पाणी मागे. पाणी आणायला गेलेल्या आईला आत थोडा वेळ एकटीला मिळे.

चौथ्या दिवशी दुपारी हिशोब पुरा झाला. सदतीसपैकी चौदा बाळं धनुर्वाताने गेली होती. पेटीत उरलेल्या तीनशे पंच्याहत्तरांपैकी गेली होती एकोणीस. दुसऱ्या गटात शंभरी पाच, पहिल्यात शंभरी अडतीस. चोराने जणू गाळणी लावून मृत्यू वेचले होते.

पण सुईण? चौदांतली नऊ रुखमाबाईकडची, हे खरं. उरलेली पाच देवकाबाई आणि धुरपता या दुसऱ्या दोघींकडची. आणि सदतीसपैकी तेवीस बाळं जिवंत होती, अंगणात रांगत होती. त्यांची कार्डं कोणी कशाला न्यावी?

शेवटचं घर मोहटोल्याच्या गोकुळाचं होतं. तिचा मुलगा गुबगुबीत, चार महिन्यांचा, पायाचा अंगठा तोंडात.

"याची नाळ कधी पडली?"

"सातव्या दिवशी. हाये ना."

"काय आहे?"

"नाळ." गोकुळाला प्रश्नाचंच नवल वाटलं. "पडली का फेकत नाई जी. पुडीत बांधून आढ्याले खोसून ठेवाची. लेकराच्या पोटात दुखलं तं उगाळून देतेत. तुमच्या नागपुरात फेकतेत का?"

ती खाटेवर चढली, गवताच्या छपरात हात घातला आणि धुराने पिवळी पडलेली पुडी काढून दिली. "दवाखान्याचीच पुडी हाये. देठाले लावाची होती ते. रिकामी झाली तं त्यातच बांधली."

पुडीची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली होती. अंबिकाने ती उलटवली. कागदावर मोठा आकडा होता, १७, आणि खाली जानेवारी.

हे बाळ डिसेंबरात जन्मलं होतं. पान त्याआधीच्या, सरलेल्या जानेवारीचं होतं, भैयाजींच्या रचून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं.

"लटारू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच कोणा दुसऱ्याचा वाटला, "छकडा वळव. ज्या घरांत बाळ जिवंत आहे त्या सगळ्या घरांत पुन्हा जायचंय. आणि पेटीत ज्यांची कार्डं आहेत, त्या हिवाळ्यातल्या थोड्या घरांतही."

दिवस मावळेपर्यंत तिने अकरा आढी धुंडाळली. कार्ड गेलेल्या सात घरांत सात पुड्या, सगळ्या कॅलेंडरच्या पानाच्या: ४ जानेवारी, २९ जानेवारी, ११ फेब्रुवारी. कार्ड जागेवर असलेल्या चार घरांत चार पाकिटं, सगळी नागपूरची छापील.

चोराने मेलेली बाळं वेचली नव्हती. त्याने पुड्या वेचल्या होत्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी तलावावर गेली. रुखमाबाईसमोर तिने गोकुळाकडची पुडी धरली. रुखमाबाईने हात लावला नाही.

"हेच तुम्ही बोलत नव्हता. याच्यावर अंगठा दिला होता, आणि ती लावायची थांबवलीत."

"सहावं लेकरू गेलं तवा मले शंका आली," रुखमाबाई म्हणाली. "नववं गेलं तवा शंका राह्यली नाई. देवका, धुरपता, मी, तिघी इथीच बसलो. उरल्या होत्या त्या पुड्या मोजल्या. बारा. त्या पल्याड, खोल पाण्यात सोडल्या. त्या दिवसापासून नाळेले नुसतं उकळलेलं फडकं." तिने अंबिकाच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हणाल्या असत्या, अडाणी बाया, औषध फेकतेत."

आपण तसंच म्हणालो असतो, हे अंबिकाला माहीत होतं.

दवाखान्यात भैयाजी कापसाचे बोळे करत होते. तिने दार लोटून घेतलं आणि पुड्या एकेक टेबलावर मांडल्या, तारखांच्या क्रमाने.

"कार्डं नेणाऱ्याला त्रेसष्टांतून बरोबर सदतीस निवडता आली," ती म्हणाली. "ती सदतीस घरं कुठल्या वहीत एकत्र लिहिलेली आहेत, हे मी पाच दिवस शोधत होते. जन्मवहीत नाहीत. कार्डांवरही तसं काही नाही, तिथे नुसतं 'पुडी लावली' एवढंच. कोणत्या बाळाला कोणती पुडी गेली, हे फक्त औषध वाटपाच्या वहीत असतं. ती तुमची वही."

भैयाजी उठले. वरच्या फळीवरून क्विनाइनचा रिकामा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. आत सदतीस कार्डं होती, दोऱ्याने बांधलेली.

"तुमी म्हणल्या, पुढच्या हप्त्यात तक्ता मांडतो," ते म्हणाले. "त्याच्याआधी मले सोताले पाहाचं होतं. चौदा निघाले. मंग चुलीजवळ नेले जाळाले. पण त्याच्यावर नावाच्या जागी नुसतं 'बाळ' लिवलं हाय. माह्याच हातानं. बारसंच झालं नव्हतं त्याहीचं." ते खाली बसले. "नाव असतं तं जाळता आलं असतं का कोण जाणे. नाव नाई म्हून जाळता आलं नाई."

"पुड्या का केल्या तुम्ही?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अक्षर तिचं होतं. नागपूरहून, आईच्या खाटेजवळ बसून लिहिलेली चिठ्ठी: 'पाकिटं यायला दोन महिने लागतील. पुड्या तुटू देऊ नका. शंखजिरे बाजारात मिळते, ते दळून तिथेच भरा.'

तिने ती दोनदा वाचली. काय लिहिलं होतं यापेक्षा काय लिहिलं नव्हतं ते शोधत. नागपूरच्या कारखान्यात शंखजिऱ्याची, म्हणजे त्या मऊ पांढऱ्या दगडाची, भुकटी जंतू मरावेत म्हणून तासभर भट्टीत भाजतात, मगच पाकिटात भरतात. ती स्वतः तिथे उभी राहून ते शिकली होती. इतकं पाठ होतं, की लिहायचं राहून गेलं.

"भुकटी कुठे वाळवली?"

भैयाजींचा चेहरा उजळला.

"तुमी समजता तसं गबाळं काम नाई केलं, बाई. लेकराईची वस्तू. अंघोळ करून दळलं. गाळलं तं दमट होतं, म्हून उन्हात टाकाचं होतं. जागा शुद्ध पाह्यजे. घरधनीनीले म्हणलं, अंगण ताज्या शेणानं सारवून दे. चार दिवस रोज सारवलं तिनं. त्याच्यावर आमचं लग्नातलं धोतर टाकलं, त्याच्यावर भुकटी. कावळा बसू नये म्हून दिवसभर दोघं राखण बसलो."

धनुर्वाताचे जंतू गुराढोरांच्या शेणात असतात. अंबिकाच्या प्रत्येक शिकवणीचं पहिलं वाक्य तेच होतं. पण ती ते सुइणींना सांगे. कंपाउंडरला सांगायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

"शेणातून आलं?" भैयाजींनी विचारलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलंच होतं.

"शेणातून आलं. आणि चिठ्ठीतून."

"चिठ्ठी मी कोणाले दाखवणार नाई," भैयाजी घाईने म्हणाले. "तुमी तरण्या हाये, तुमचं सारं आयुष्य पडलं हाय. आन् एक सांगतो, रागावू नोका. हे गावाले कळलं तं उद्यापासून या दारात कोणी येणार नाई. देवीची लस कोणी टोचून घेणार नाई, हिवतापाची गोळी कोणी गिळणार नाई. त्यात किती मरतेल ते बी मोजा. पुड्या तं आता संपल्या. रुखमाबाईचा अर्ज फाडा, कार्डं पेटीत ठेवा, आन् चूप बसा. कोनाचं वाईट होत नाई."

हे बोलणं मूर्खपणाचं नव्हतं, म्हणूनच ते वाईट होतं. अंबिकाने ते मनात मांडून पाहिलं, तिच्या सवयीप्रमाणे दोन रकान्यांत. आणि मांडता मांडता एक आकडा अडला.

"भैयाजी, पुड्या किती केल्या होत्या?"

"पन्नास. एक जानेवारीपासून एकोणीस फेब्रुवारीपर्यंतची पानं."

"सदतीस लावल्या. बारा तलावात. एक कुठे आहे?"

भैयाजींनी वाटपाची वही ओढली. बोट ओळींवरून खाली सरकलं आणि थांबलं.

"शकुबाई," ते म्हणाले. "पाटलीनबाई. कमळाले पाचवा लागला तवा मांगून नेली होती. सुनेचं बाळंतपण रुखमाबाईच्या हाती देणार नाई, घरीच करीन म्हणे." त्यांचा आवाज खाली गेला. "कमळाचे दिवस भरले हायेत, बाई."

६

पाटलांच्या अंगणात तीसेक बाया जमल्या होत्या, आणि आतून कमळाचा आवाज येत होता. लटारूने छकडा थांबवायच्या आधीच अंबिका उतरली.

रुखमाबाई आधीच तिथे होती. फाटकाच्या बाहेर, हातात उकळलेल्या फडक्यांचं गाठोडं घेऊन. कोणी बोलावलं नव्हतं.

"पहाटेपासून कळा हायेत," ती अंबिकाला म्हणाली. "लेकरू आडवं हाये. बाहेरून आवाजावरूनच समजते. शकुबाईले फिरवता येणार नाई. पण मले फाटकाच्या आत पाय टाकू देत नाई."

"टाकूनच पाहाय!" पाटील ओसरीवरून ओरडले. "नऊ खाल्ली, आता माह्या घरावर डोळा काय?"

"पाटील," अंबिका म्हणाली, "शकुबाईंकडे दवाखान्याची एक पुडी आहे. ती आधी मला द्या."

शकुबाई दारात आल्या. घामाने भिजलेल्या, पदर खोचलेला. पुडी त्यांच्या कमरेलाच होती. "हे? हे तं तुमचंच औषध हाये. देठाले लावासाठी. चार महिने देवाजवळ ठेवली."

"द्या माझ्याकडे."

"काऊन?"

अंगणातल्या बायांची कुजबुज थांबली. अंबिकाने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यातले काही तिला या आठवड्यात नव्याने ओळखीचे झाले होते. तिसऱ्या रांगेत २९४ नंबरची आई होती. कुंपणाजवळ ३११. तिच्या शेजारी ३४०, हिने पाणी आणायला आत जाऊन बराच वेळ लावला होता. या बायांना आपापलं बाळ माहीत होतं. चौदा एकत्र फक्त तिला आणि भैयाजींना माहीत होती.

शकुबाईंना खोटं सांगता आलं असतं. पुडी जुनी झाली, एवढं पुरे होतं. पुडी हातात आली असती. पण फाटक उघडलं नसतं, आणि आतलं बाळ आडवंच राहिलं असतं. आणि उद्या ते फाटक प्रत्येक गावात तसंच बंद राहिलं असतं, एका बाईच्या तोंडावर.

भैयाजी छकड्याजवळ उभे होते. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून. मग तिच्याकडे पाहत राहिले, आणि मान हलवायची थांबली. ते दोन पावलं पुढे आले आणि रुखमाबाईच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

अंबिकाने पिशवीतून अर्ज काढला. चाळीस अंगठ्यांचा. तो उभा फाडला, मग आडवा, आणि तुकडे पिशवीत परत ठेवले. अंगणात कचरा करणं तिला जमलं नसतं.

"काऊन म्हणून विचारलंत," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा तिने तो मोजून लावला. "सांगते. हिवाळ्यात तुमची चौदा बाळं गेली. ती रुखमाबाईच्या हातांनी गेली नाहीत. या पुडीने गेली. पुडी आमच्या दवाखान्यात झाली, आणि ती करायचा निरोप मी लिहिला होता. जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नाही. प्रत्येकीच्या घरी येऊन मी हे पुन्हा सांगणार आहे, आणि नागपूरच्या अहवालातही हेच जाणार आहे, माझ्या सहीने. आता फाटक उघडा, पाटील, आणि रुखमाबाईंना आत जाऊ द्या."